करार आणि बेकरारी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२५ जानेवारी १९९५ची गोष्ट. नॉर्वेच्या उत्तरेकडे आन्दॉया नावाचं बेट आहे. तिथून शास्त्रज्ञांनी एक अग्निबाण सोडला. त्यात बॉम्ब नव्हता. ध्रुवाकडच्या आकाशात थंडीच्या दिवसांत हिरव्या-जांभळ्या प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात, त्यांचा अभ्यास करणारी उपकरणं त्यात होती. असा बाण सोडणार आहोत, हे नॉर्वेनं रशियासह अनेक देशांना आगाऊ कळवलंही होतं. पण ती सूचना वाटेत कुठेतरी अडकली. रशियाच्या रडारसमोर बसलेल्या माणसांपर्यंत ती पोचली नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की उत्तरेच्या समुद्राकडून काहीतरी वेगानं वर चढतंय आणि त्याची चाल अमेरिकी पाणबुडीतून सुटणाऱ्या क्षेपणास्त्रासारखी आहे. खबर वर गेली. ज्या पेटीतून अण्वस्त्रं सोडण्याचा हुकूम देता येतो, ती पेटी राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांच्यासमोर उघडली गेली. हाताशी काही मिनिटं होती. तेवढ्यात कळलं, की बाण रशियाकडे येतच नाही, तो दूर समुद्राकडे चाललाय. पेटी मिटली. जग आपल्या कामाला लागलं. बहुतेकांना त्या दिवशी काही कळलंही नाही.

ध्यानात घ्या, १९९५ हे काही भांडणाचं साल नव्हतं. शीतयुद्ध संपलं होतं. येल्त्सिन आणि क्लिंटन एकमेकांना मित्र म्हणत होते. दोस्तीच्या दिवसांत एक कागद वेळेवर पोचला नाही, तर एवढं झालं. मग दोस्तीही उरली नाही आणि कागदही उरले नाहीत, तर काय होईल? आज मला याच प्रश्नावर तुमच्याशी बोलायचं आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही कवी माणूस, हे तुमचं काम नव्हे. क्षेपणास्त्रं हा सेनापतींचा विषय आहे, हे खरं. पण करार हा शब्दांचा विषय आहे, आणि शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते, आणि मी लिहितो मराठीत. त्यामुळे ‘करार’ हा शब्द मला दोन्ही दारांतून भेटायला येतो. मूळ अरबी असलेला हा शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. मराठीत करार म्हणजे दोघांनी मिळून लिहून ठेवलेली गोष्ट. भाड्याचा करार, खरेदीचा करार. उर्दूतही कौल-करार आहेतच. पण उर्दूत करार म्हणजे आणखी काही. करार म्हणजे मनाची स्थिरता, जिवाला लाभलेली स्वस्थता. ती ज्याला नाही, तो बेकरार. रशिया आणि पाश्चात्त्य देश यांच्यात आज जे चाललं आहे, ते या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये मला दिसतं. करार गेले आणि जग बेकरार झालं.

ही बेकरारी कशी असते, ते पाहा. १५ नोव्हेंबर २०२२. त्या दिवशी रशियानं युक्रेनवर क्षेपणास्त्रांचा मोठा मारा केला होता. संध्याकाळी बातमी आली, की युक्रेनच्या सीमेजवळच्या पोलंडमधल्या प्शेवोदुव या गावात एक क्षेपणास्त्र पडलं आणि दोन माणसं गेली. पोलंड हा नाटोचा सदस्य. नाटोचा नियम असा, की एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. पहिल्या काही तासांत ‘रशियाचं क्षेपणास्त्र’ असेच शब्द जगभर फिरले. दुसऱ्या दिवशी पोलंडनं आणि नाटोनंच सांगितलं, की ते बहुधा युक्रेननं स्वतःच्या बचावासाठी सोडलेलं, भरकटलेलं क्षेपणास्त्र होतं. ती रात्र निभावली, कारण निर्णय घेणाऱ्यांनी तपासाची वाट पाहिली.

पुढे सप्टेंबर २०२५मध्ये, ९ तारखेच्या रात्री, वीसेक रशियन ड्रोन पोलंडच्या हद्दीत शिरली. नाटोच्या विमानांनी त्यांतली काही पाडली. रशियानं सांगितलं, पोलंडवर हल्ला करण्याचा आमचा हेतू नव्हता. त्यानंतर दहा दिवसांनी रशियाची तीन लढाऊ विमानं एस्टोनियाच्या हद्दीत बारा मिनिटं होती, असं एस्टोनियानं म्हटलं. रशियानं ते साफ नाकारलं. कोण खरं, कोण खोटं, हा वाद बाजूला ठेवू. बारा मिनिटांचा विचार करा. एखाद्या तरुण वैमानिकाचं बोट कळीवर आहे, खाली कुणाला तरी ठरवायचंय, आणि समोरच्याला विचारायची सोय दिवसेंदिवस कमी होत चाललीय.

ही सोय मुळात आली कुठून? ती आली भीतीतून. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत रशियानं क्युबात नेऊन ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कडेला जाऊन उभं राहिलं. त्या तेरा दिवसांत केनेडी आणि क्रुश्चेव्ह यांची पत्रं एकमेकांना पोचायला कित्येक तास लागत. वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की मॉस्कोला पाठवायची सांकेतिक तार न्यायला तार कंपनीचा मुलगा सायकलवरून दूतावासात येत असे. जगाचं नशीब त्या सायकलवरून जात होतं! शेवटी २८ ऑक्टोबरला क्रुश्चेव्ह यांचा माघारीचा निरोप रेडिओ मॉस्कोवरून वाचून दाखवला गेला, कारण तारेपेक्षा रेडिओ लवकर पोचतो. आज मी रेडिओवरूनच बोलतो आहे, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

एवढं झाल्यावर दोघांनाही शहाणपण सुचलं. २० जून १९६३ रोजी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची ओळ टाकायचं ठरलं. सिनेमात आपण लाल रंगाचा टेलिफोन पाहतो, तसा तो टेलिफोन नव्हता. ते टंकयंत्र होतं, टेलिप्रिंटर. बोलण्यात आवाज चढतो, शब्द निसटतो, दुभाषा चुकतो; म्हणून जे सांगायचं ते लिहून सांगायचं. ३० ऑगस्टला वॉशिंग्टनहून चाचणीसाठी जे पहिलं वाक्य गेलं, ते होतं चपळ तपकिरी कोल्हा आणि आळशी कुत्रा यांचं. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना ते इंग्रजी वाक्य पाठ आहे. १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात ही ओळ खरोखर कामी आली.

म्हणजे ही माणसं काही एकमेकांच्या प्रेमात पडली नव्हती. दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत होते. पण आपल्या चुकीनं दोघंही मरू, हे त्यांना उमगलं होतं. करार मित्रांमध्ये लागत नाही. करार लागतो तो ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी.

आपल्याकडे शेताच्या बांधावरून भांडणं होतात. दोन सख्खे शेजारी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मग एक जण भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज देतो, फी भरतो. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. ठरलेल्या दिवशी मोजणीदार येतो. दोघं भांडणारे आपापल्या बाजूला उभे राहतात, तोंडं फिरवून का होईना, पण उभे राहतात. पूर्वी साखळी असायची, आता यंत्र आलं. हद्दीच्या खुणा ठरतात. त्या दिवशी दोघांची दोस्ती होत नाही. पण रात्री बांध कोरला जाणार नाही, एवढी खात्री मिळते आणि दोघांनाही झोप लागते. मोठ्या राष्ट्रांचे करार म्हणजे हीच मोजणी. दोघांच्या समक्ष झालेली.

अशा मोजणीचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे ८ डिसेंबर १९८७. पण त्याच्या आधीचं १९८३ साल आठवायला हवं. १ सप्टेंबरला वाट चुकून आपल्या हद्दीत आलेलं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत रशियानं पाडलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात २६ तारखेला मॉस्कोजवळच्या एका तळावर लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह रात्रपाळीला होते. यंत्रानं सांगितलं, अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी चार. पेत्रोव्ह यांनी विचार केला, हल्ला करायचाच तर कुणी फक्त पाच क्षेपणास्त्रं सोडेल का? त्यांनी वर कळवलं, यंत्राची चूक आहे. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशानं उपग्रहाला फसवलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नाटोनं एक मोठा सराव केला, तर मॉस्कोत काहींना वाटलं, की सरावाच्या आडून खरा हल्ला येतोय. एका सालात तीनदा जग ओठावर आलं होतं.

तिथून चार वर्षांत रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह एका टेबलाशी बसले आणि वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची, जमिनीवरून सुटणारी सगळी क्षेपणास्त्रं दोघांनीही मोडून टाकायची, असं ठरलं. रेगन यांना एक रशियन म्हण फार आवडायची: ‘दवेर्याय, नो प्रवेर्याय’. विश्वास ठेव, पण तपासून घे. रशियनमध्ये त्याला छान यमक आहे. सह्यांच्या वेळी त्यांनी ती पुन्हा म्हटली, तेव्हा गोर्बाचेव्ह हसून म्हणाले, तुम्ही दर भेटीत हेच म्हणता. सगळे हसले. पण त्या म्हणीचा उत्तरार्ध करारात पानोपानी उतरला होता.

१ जून १९९१पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली. त्यांतली १,८४६ सोव्हिएत आणि ८४६ अमेरिकी. कुणी फोटो पाठवून हे सांगितलं नाही. एकाची माणसं दुसऱ्याच्या अंगणात उभी राहून मोजत होती. रशियातलं वोत्किन्स्क हे संगीतकार चायकोव्हस्की यांचं जन्मगाव. तिथे क्षेपणास्त्रांचा मोठा कारखाना आहे. त्याच्या फाटकावर अमेरिकी निरीक्षक वर्षानुवर्षं बसले. तसेच सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटा राज्यातल्या मॅग्नाच्या कारखान्याशी बसले. बर्फात, उन्हात, येणारी-जाणारी मोठी वाहनं तपासत. मोडलेल्या क्षेपणास्त्रांच्या तुकड्यांतून झुराब त्सेरेतेली या शिल्पकारानं एक शिल्प घडवलं. घोड्यावर बसलेला संत जॉर्ज राक्षसी सापाला भाला मारतो आहे, आणि तो साप दोन्ही देशांच्या क्षेपणास्त्रांचे तुकडे जोडून बनवलेला आहे. १९९०मध्ये सोव्हिएत रशियानं ते संयुक्त राष्ट्रसंघाला भेट दिलं. न्यू यॉर्कला ते आजही उभं आहे.

कागदानं काय होतं, असं विचारणाऱ्यांना एक आकडा सांगतो. १९८६च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रं होती. आज सुमारे १२,००० आहेत. हेही सर्वनाशाला पुरेसेच आहेत, आणि त्यांतली नव्वद टक्क्यांच्या आसपास रशिया आणि अमेरिका या दोघांकडेच आहेत. पण सत्तर हजारांचे बारा हजार झाले, ते काही आपोआप गंजून नव्हेत. टेबलाशी बसलेल्या, कंटाळवाण्या बैठकांत वर्षं घालवलेल्या माणसांनी हे काम केलं.

आणि मग हे एकेक कागद फाटत गेले. कुणी फाडले? दोघांनीही. एकमेकांच्या क्षेपणास्त्रांना अडवणारी यंत्रणा मर्यादित ठेवण्याचा १९७२चा करार होता. त्यातून २००२मध्ये अमेरिका बाहेर पडली. युरोपातले रणगाडे, तोफा, लढाऊ विमानं यांवर मर्यादा घालणारा १९९०चा करार होता. त्याचं पालन रशियानं २००७मध्ये थांबवलं आणि २०२३मध्ये तो कायमचा सोडला. रेगन-गोर्बाचेव्ह करार २ ऑगस्ट २०१९ला संपला. रशिया चोरून बंदी असलेलं क्षेपणास्त्र बनवतो, असं अमेरिकेचं म्हणणं; रशियानं आरोप नाकारला आणि रोमानिया व पोलंडमधल्या क्षेपणास्त्रविरोधी तळांकडे बोट दाखवलं. एकमेकांच्या प्रदेशावरून निःशस्त्र विमानं उडवून पाहणी करू देणारा ‘खुलं आकाश’ नावाचा सुंदर करार होता. त्याखाली दीड हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या होत्या. २०२०मध्ये अमेरिकेनं तो सोडला, २०२१मध्ये रशियानं. आकाशाचं दार दोन्ही बाजूंनी लावलं गेलं.

राहिला होता एक. ८ एप्रिल २०१० रोजी ओबामा आणि मेदवेदेव यांनी प्रागमध्ये सही केलेला. दोघांनीही लांब पल्ल्याची तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी १,५५०च्या वर न्यायची नाहीत. वर्षातून अठरा वेळा एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासायचं. हे क्षेपणास्त्र हलवलं, ते विमान दुरुस्तीला नेलं, हे एकमेकांना कळवत राहायचं. अशा पंचवीस हजारांहून अधिक सूचना दोघांनी एकमेकांना दिल्या. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये पुतिन यांनी करारातला सहभाग स्थगित केला. करार एकदाच वाढवायची तरतूद होती, ती २०२१मध्येच वापरून झाली होती. ५ फेब्रुवारी २०२६ला त्याची मुदत संपली. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या अण्वस्त्रसाठ्यांना आता कराराची कसलीही मर्यादा उरलेली नाही. उपग्रह आहेत, हे खरं. पण उपग्रहाला क्षेपणास्त्राची विहीर दिसते. एका क्षेपणास्त्राच्या टोकावर किती बॉम्ब बसवलेत, ते जवळ जाऊन पाहावं लागतं. जिथे दिसत नाही, तिथे माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो, आणि समोरच्याकडे दहा असतील असं समजून आपण पंधरा करतो.

भांडणाच्या मुळाशीही तोंडी आणि लेखी यांचाच झगडा आहे. रशिया म्हणतो, जर्मनीच्या एकीकरणाच्या वेळी, १९९०मध्ये, नाटो पूर्वेकडे सरकणार नाही असा शब्द आम्हाला दिला होता. पाश्चात्त्य देश म्हणतात, असं वचन आम्ही दिलंच नाही. तसा शब्द कोणत्याही करारात लिहिलेला नाही. पुढे १९९९मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत गेले; २००४मध्ये आणखी सात देश. त्या देशांना कुणी ओढून नेलं नव्हतं. रशियाच्या रणगाड्यांच्या आठवणी ताज्या असल्यामुळे ते आपण होऊन गेले. २००७मध्ये म्युनिकच्या परिषदेत पुतिन यांनी राग उघड बोलून दाखवला. २००८मध्ये युक्रेन आणि जॉर्जिया कधीतरी सदस्य होतील, असं नाटोनं जाहीर केलं, पण तारीख दिली नाही. म्हणजे रशियाला चिथावलं आणि त्या दोघांना संरक्षणही दिलं नाही. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झालं. २०१४मध्ये रशियानं क्रिमिया घेतला. आणि २४ फेब्रुवारी २०२२ला त्यानं युक्रेनवर चहूबाजूंनी सैन्य घातलं.

इथे मला स्पष्ट बोललं पाहिजे. शेजाऱ्यानं कुणाशी सोयरीक करावी याबद्दल माझी तक्रार असू शकते. म्हणून मला त्याच्या घरात शस्त्र घेऊन शिरण्याचा हक्क मिळत नाही. रशियाच्या भीतीला इतिहास आहे, पण युक्रेनच्या भीतीलाही इतिहास आहे, आणि गावं जळताहेत ती युक्रेनची. नाटोला दूर ठेवण्यासाठी म्हणून झालेल्या या युद्धानं नाटोला आणखी जवळ आणलं. पिढ्यान्‌पिढ्या तटस्थ राहिलेला फिनलंड एप्रिल २०२३मध्ये नाटोत गेला आणि रशियाला लागून असलेली नाटोची सीमा तेराशेहून अधिक किलोमीटरनं वाढली. पाठोपाठ मार्च २०२४मध्ये स्वीडनही गेला.

आता सर्वांत अवघड प्रश्न. श्रोत्यांपैकी कुणाच्या तरी मनात तो आलाच असेल. युक्रेनकडेही कागद होताच की! सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. ५ डिसेंबर १९९४ला बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी लिहून दिलं, की युक्रेनच्या सीमांचा मान राखू, त्याच्यावर बळ वापरणार नाही. युक्रेननं ती अस्त्रं रशियाकडे रवाना केली. पुढे ज्यानं सही केली, त्यानंच चढाई केली. मग कागदाला किंमत ती काय?

हा प्रश्न टाळता येणार नाही. पण दोन कागद शेजारी ठेवून पाहा. बुडापेस्टचा कागद म्हणजे आश्वासन होतं. मोडलं तर काय, कोण येणार, किती दिवसांत येणार, हे त्यात नव्हतं. सुरक्षा परिषदेत दाद मागू, चर्चा करू, एवढंच. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार कुणाला? तर रशियालाच. १९८७च्या कागदात मात्र शब्द कमी भरवशाचे समजून माणसं पाठवली होती, मोजपट्टी होती, कळवण्याचं बंधन होतं. पहिल्या कागदानं एका पक्षाकडची शस्त्रं काढून घेतली आणि बदल्यात शब्द दिला. दुसऱ्यानं दोघांकडचीही घेतली आणि दोघांनाही एकमेकांच्या दारात बसवलं. त्यामुळे बुडापेस्टवरून मी कागद निरुपयोगी असतो असं म्हणणार नाही. मोजणीशिवायचा कागद निरुपयोगी असतो, असं म्हणेन. उद्या युक्रेनमध्ये जो काही तह होईल, त्याची किंमत सह्यांवर ठरणार नाही; त्या सह्यांच्या खाली मोजायला कोण उभं आहे, यावर ठरेल.

हे सगळं दूरदेशीचं आहे, असं समजू नका. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये खार्किव्ह, कीव्हच्या तळघरांतून आणि मेट्रो स्थानकांतून आपली मुलं घरी फोन करत होती. डॉक्टर व्हायला गेलेली, त्यांत महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतली होती. सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. कर्नाटकातला एक विद्यार्थी १ मार्चला खार्किव्हमध्ये माऱ्यात सापडला, तो जिवंत परतला नाही. त्याच महिन्यात किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचा भाव विचारून बायाबापड्या मागे फिरल्या, कारण आपलं ते तेल मोठ्या प्रमाणात युक्रेनमधून येत असे.

आणि आपल्या स्वतःच्या बांधाचं काय? ९ मार्च २०२२ रोजी, युक्रेनचं युद्ध पेटलेलं असताना, आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानातल्या मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, जीव कुणाचा गेला नाही, आणि पाकिस्ताननं उलट मारा केला नाही. भारतानं तांत्रिक बिघाड मान्य केला. पुढे चौकशी होऊन तीन अधिकारी बडतर्फ झाले. ब्राह्मोस हे नाव ब्रह्मपुत्रा आणि मॉस्को शहरातली मस्क्वा या नद्यांवरून आलं आहे. एका चुकीनं दोन देशांचा श्वास कसा अडकतो, ते आपणही पाहिलं. पण आपल्याकडे एक चांगली रीतही आहे. १९८८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान १९९२पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात, की यांच्यावर हल्ला करायचा नाही. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या असतानाही दिली. वर्षातून एकदा दोन कागदांची देवाणघेवाण. पण भांडणातही ती थांबली नाही, यात शहाणपण आहे.

मग करायचं काय? पुष्कळ जण म्हणतात, आधी विश्वास निर्माण होऊ दे, मग करार. इतिहास उलट सांगतो. १९६३ची ओळ आली ती १९६२च्या भीतीनंतर लगेच. १९८७चा करार आला तो १९८३च्या अंधारातून. आधी मोजणी झाली, विश्वास मागून चालत आला. आणि राज्यकर्ते आपण होऊन टेबलाशी बसले, असंही नाही. १९८१च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या बॉनमध्ये सुमारे तीन लाख लोक रस्त्यावर आले. १२ जून १९८२ला न्यू यॉर्कमध्ये सुमारे दहा लाख माणसं जमली होती. त्यांत शिक्षक होते, परिचारिका होत्या, आजी-आजोबा होते. क्षेपणास्त्राचा पल्ला त्यांना पाठ नव्हता. आम्हाला निवांत झोपायचं आहे, एवढं त्यांना सांगता येत होतं.

३ जानेवारी २०२२ला रशिया, अमेरिका, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी एकत्र निवेदन काढलं होतं, की अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये. रेगन आणि गोर्बाचेव्ह १९८५मध्ये जिनिव्हात हेच म्हणाले होते. २०२२चं निवेदन निघाल्यावर सात-आठ आठवड्यांत युक्रेनवर रणगाडे चालून गेले. वाक्य तेच होतं. पण १९८५च्या वाक्यामागून दोन वर्षांत मोजपट्टी घेतलेली माणसं निघाली. २०२२च्या वाक्यामागे कुणीच नव्हतं.

तेव्हा पुढच्या काळात बातम्यांत मोठमोठे शब्द ऐकू येतील. शांतता, मैत्री, ऐतिहासिक भेट, हस्तांदोलन. ते ऐकताना आपण सामान्य माणसांनी एक साधा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: तपासायला कोण जाणार आहे, आणि कधी? उत्तर मिळालं, तर समजावं की करार झाला. नाही मिळालं, तर फोटो कितीही छान आला, तरी बेकरारी कायम आहे.